सामायिक

उमेओत डिसेंबरात दुपारी दोनलाच दिवस आटोपतो.
मला फरक पडत नाही. माझं काम जमिनीखाली,
जिथे दोन पुरुष उंचीचं एक यंत्र उभं आहे,
ज्याला लिफ्टचा, दाराचा,
मोठ्याने बोलण्याचासुद्धा धक्का सोसत नाही.

ते कुणा एकाचं नाही.
मंगळवार-बुधवार लुंडकरांचे, गुरुवारची रात्र हेल्सिंकीची,
मधले तास माझे: नायट्रोजन भरायचा,
पांढरी वाफ बुटांवर सांडते, ती झटकायची नाही,
आणि वहीत लिहायचं: भरला. गु.

दाग्नी लुंडहून आली, थर्मासएवढ्या डब्यात
बारा जाळ्या घेऊन. एकेक जाळी तिळाएवढी, तांब्याची,
तिच्यावर बर्फाचा पापुद्रा, पापुद्र्यात एक प्रथिन,
ज्याचं एक अक्षर बदललंय,
आणि त्या एका अक्षरापायी पेशी थांबायचं विसरते.
"इतकंच?" असं मी पंधरा वर्षांपूर्वी विचारायची.

अकरा जाळ्या वाया गेल्या. कुठे बर्फ जाड, कुठे फाटलेला,
कुठे प्रथिनं कडेला जाऊन दाटीवाटीने बसलेली,
लग्नात नवऱ्याकडचे अनोळखी पाहुणे बसतात तशी.
बारावी बरी निघाली, तेव्हा तिची वेळ संपली होती.
वहीत पुढचं नाव हेल्सिंकीच्या कौकोचं.
मी फोन केला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास,
मग म्हणाला, "माझेही कण रुसलेत. घेऊ दे तिला रात्र."

माझी मावशी शेलेफ्तेओच्या वर, जंगलात राहायची.
तिथलं दही तार धरतं, चमच्यावरून तुटत नाही,
आणि त्याचं विरजण तेव्हा विकत मिळत नसे.
मागूनच आणायचं, चमचाभर.
तिच्याकडचं नासलं तर शेजारणीकडे तिचंच असायचं.
बोर्गिल्डशी तिचं बोलणं बंद होतं अठरा वर्षं.
चमचा मात्र जायचा, यायचा, न बोलता.

चौदा लाख कण निघाले. ते वरच्या मजल्यावर
अन्तेकडे गेले, पंख्यांच्या घरघरीत.
त्याच्या बापाची रेनडिअर आहेत, योक्मोक्कला.
तिथे सगळ्या घरांचे कळप एका कुंपणात येतात,
आणि कानाच्या कापावरून ओळखायचं, कुठलं कुणाचं.
"हे तेच काम," तो म्हणतो, "फक्त यांना कान नाहीत."
नऊ लाख त्याने हाकलून दिले.
गणनेच्या रांगेत दाग्नीच्या पुढे तिघं होती.
त्याने रांग मोडली नाही. ती चिडली,
कॉफी न घेताच निघून गेली.

इस्पितळातून आमच्याकडे एक भुयारी वाट येते.
रविवारी तिथे एक म्हातारा चुकून आला,
डोक्यावर लोकरी टोपी, हातात सलाईनचा खांब,
खांबाचं एक चाक कुरकुरणारं.
"हे दार कुणाचं?"
सगळ्यांचं.
"म्हणजे थोडं माझंही?"
थोडं तुमचंही, मी म्हटलं, पण आत्ता आत नको,
तुमचं चाक त्याला सोसणार नाही.
तो हसला. मग खांब घट्ट धरून
तसाच उभा राहिला, अजिबात न हलता,
आत कुणाचं तान्हं निजलंय असा.

बुधवारी नकाशा आला, करडा, घड्याघड्यांचा.
दाग्नीने तो पडद्यावर हळूहळू फिरवला, आणि मागच्या अंगाला
एक खळगा दिसला, हनुवटीवर असतो एवढासा.
निरोगी प्रथिनात तो नसतो.
तिथे काही बसेल का, कोण बसवील,
पाच वर्षांनी, की कधीच नाही,
ती काही बोलली नाही. काचेवर बोट टेकवून बसली.

जाताना तिने वहीत आपल्या पुढच्या रात्रीवर काट मारली
आणि तिथे कौकोचं नाव लिहिलं,
एक अक्षर चुकवून.
मी ते दुरुस्त केलं.
साडेतीन वाजले होते. खाली गेले.
भरला. गु.